मस्तगडच्या खिडकीतला समुद्र

शशी,

दूधवाला आज परत विचारत होता, "बाई, ते दूध मोजायचं यंत्र दिसंना कुठं?" मी म्हटलं, आता तू खुशाल पाणी घाल. त्याला काही कळलं नाही. हसला आणि दूध म्हणून जे काही विकतो ते ओतून गेला. त्याच्यावर ओरडायचं काम आता एकटीवर येऊन पडलंय, आणि मला कुणावरच ओरडावंसं वाटत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "नलू अन् वरडत न्हाई? ताप-बिप हाय का तुला?"

ताप तुला होता. औरंगाबादच्या दवाखान्यात तू हळदीसारखी पिवळी होऊन पडली होतीस. मी उसाचा रस घेऊन उशाशी उभी, आणि तू रसाकडे न बघता मलाच विचारत होतीस, "निवळी टाकली का आज?" मी चिडले. म्हटलं, तू आधी बरी हो, मग तुझ्या त्या झाडाचं बघू. तू डोळे मिटलेस. आपलं शेवटचं बोलणं म्हणजे हे, चुन्याच्या निवळीचं. लोक शेवटच्या क्षणी काय काय बोलतात म्हणे.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. ऐकायला दुसरं कुणी उरलेलं नाही, आणि गप्प बसलं की या खोलीत श्वास घेता येत नाही.

आपण दोघी जालन्याच्या मुलींच्या शाळेत एकाच वर्षी लागलो. तू विज्ञानाला, मी मराठीला. तू पिंपळगाव रेणुकाईची, बौद्ध वस्तीतली, घरातलीच काय, गावातलीही पहिली एवढं शिकलेली मुलगी. मी शहागडची, पाटलाच्या घरातली, लग्नाला नाही म्हटलं म्हणून घरच्यांनी नाद सोडलेली. मस्तगडला ही माडीवरची खोली मिळाली तेव्हा मालकीणबाईंनी आडनावं विचारली. तू तुझं ठणठणीत सांगितलंस आणि भाडं पुढं केलंस. बाई बघतच राहिल्या. माझं विचारायचंही त्या विसरल्या.

मग शिक्षकांची ती दक्षिणेची सहल. आईनं मला बजावलं होतं, रामेश्वरची वाळू आण, देवघरात ठेवायची आहे. मी ओल्या लुगड्यानं वाळू चाळत होते, आणि तू ओचा खोचून गुडघाभर पाण्यात उभी होतीस. हातात काहीतरी हिरवं. नागफणीची पानं नखाएवढी करून एकावर एक चिकटवावीत, तसं दिसत होतं ते. तू ते माझ्या तळहातावर ठेवलंस. मऊ असेल म्हणून मी दाबलं तर कडक लागलं.

"शेवाळ हाये," तू म्हणालीस. "पर ह्याच्या अंगात चुना हाये. समुद्रातून चुना घेतं अन् अंगात दगड बांधून राह्यतं. मेलं की त्याची वाळू होती. तू मायसाठी न्यायलीस ना, त्यात ह्याची बी हाडं असत्याल."

मी वाळू टाकून देणार होते. तू हसून हसून पाण्यात बसलीस.

त्याचं खरं नाव हॅलिमेडा. मला ते कधी जिभेवर बसलं नाही, मी 'तुझी नागफणी' म्हणत राहिले. लोणच्याची बरणी घासून तिच्यात समुद्राचं पाणी, त्यात ते झाड आणि चार गोगलगायी, असं सगळं मांडीवर घेऊन तू परतीचा प्रवास केलास. सिकंदराबादपर्यंत समोरच्या बाई लोणच्याची फोड मागत होत्या. तू शेवटी बरणीच्या तोंडाचा दादरा सोडून दाखवलास तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं ते जालना येईपर्यंत.

गोदावरीच्या पाण्यावर वाढलेली मी, समुद्र घरात पाळायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू काच कापणाऱ्याकडून पेटी करून घेतलीस. लाकडी चौकट, सांध्यांना डांबर. पूर्वेच्या खिडकीत ठेवलीस. मोसंबी घेऊन मुंबईला जाणारे गफूरभाई ट्रकमधून परत येताना वसईकडचं पाणी कॅनमध्ये आणायचे आणि शाळेच्या फाटकात उभे राहून ओरडायचे, "बाई, लोगां मुंबई से कपडा लाते, तुम खारा पानी मंगाते!" अख्खी शाळा खिडक्यांत. पाणी किती खारट आहे ते बघायला तू ते दुधाचं यंत्र बुडवायचीस. दुधात पाणी किती ते सांगणारी नळी समुद्रात मीठ किती तेही सांगते, हे तुझ्या डोक्यातून निघालेलं. दूधवाल्याला वाटायचं, सगळा पहारा त्याच्यावरच आहे. वीज गेली की हवेचा पंप बंद, मग तू सायकलच्या पंपाला रबरी नळी लावून पाण्यात बुडबुडे सोडायचीस. मी वह्या तपासता तपासता म्हणायची, पंक्चर निघालं का गं समुद्राचं?

आणि ती निवळी. झाडाला अंगात दगड बांधायला चुना लागतो, आणि पेटीतला चुना लवकर संपतो. तेव्हा तू पानाचा चुना पाण्यात कालवायचीस, तो खाली बसू द्यायचीस आणि वरचं स्वच्छ पाणी थेंबथेंब सोडायचीस. आमच्याकडे बाळाला चुन्याची निवळी देतात. मी म्हटलं, जन्मलं तेव्हा बारशाला तरी बोलवायचं. तू म्हणालीस, "नाव तूच ठिवलं की, नागफणी."

एकदाच तू माझ्या अंगावर धावून आलीस. उन्हाळा होता, पेटीतलं पाणी आटलं होतं. माझ्या हातात तांब्याचं भांडं होतं, मी त्यातलंच पाणी ओतायला निघाले. तू असा हात धरलास की बोटं उमटली.

"तांबं न्हाई! तांबं म्हंजे जहर हाये ह्याला!"

मी म्हटलं, रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी आम्ही औषध म्हणून पितो.

"तू पी. ह्याला पाजू नको. एक थेंब तांबं गेलं पाण्यात तर हे बी मरंल अन् गोगलगायी बी."

त्या दिवसापासून खोलीत तांबं-पितळ बंद. स्टील आणि काच. फक्त एक तांब्याचं भांडं या उंबऱ्याच्या आत येत राहिलं, ते माझ्या आईचं.

आई बाजाराला, दवाखान्याला शहागडहून यायची, तेव्हा पिशवीत तिचा फिरकीचा तांब्या असायचा, घरून भरून आणलेला. मे महिन्यात माडी तापून तवा झालेली असायची. आपला माठ कोपऱ्यात गार, आणि तू म्हणायचीस, "माय, पानी देऊ का?" आईचं एकच उत्तर, "तहानच न्हाई बाई." मग जिन्यात जाऊन ती तांब्याची फिरकी काढायची. माठ रोज पहाटे नळावरून तू भरायचीस, मी तेव्हा घोरत असायची. तेच तर होतं कारण. आपल्याला दोघींना ते ठाऊक होतं, आणि तिलाही ठाऊक होतं की आपल्याला ठाऊक आहे.

मी भांडायची. जिन्यात जाऊन तिला वाट्टेल ते बोलायची. तू मला आत ओढायचीस.

"राहू दे. त्या झाडाला एक पान चढायला रात लागती. तुझी माय तर साठीची हाये. पील एक दिवस."

"आणि नाही प्यायली तर?"

"पील म्हनलं ना. माझ्या हातचं पील."

तुझ्या या धीराचा मला राग यायचा. तुझ्या जागी मी असते तर तो तांब्या जिन्यावरून खाली भिरकावला असता. आणि गंमत बघ, आईला तू आवडायचीस. तिच्या देवघरातली वाळू म्हणजे या झाडाची हाडं, हे तू तिला रंगवून सांगितलं होतंस. मला वाटलं, आता चिडेल. ती पेटीपुढं बसून बराच वेळ बघत राहिली. "म्हंजे ह्यो रामेश्वरचाच समुद्र म्हन की." तेव्हापासून आली की आधी विचारायची, "समुद्र बरा हाये ना?" माझी तब्येत नंतर.

बहात्तरच्या दुष्काळात आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. टँकर यायचा, घागरींच्या रांगा, बायकांच्या झिंज्या. पेटीतलं पाणी उडायचं तेवढं गोडं पाणी वरून घालावंच लागायचं, नाहीतर मीठ वाढून झाड मेलं असतं. रोज एक पेला. मी म्हटलं, लोकांना प्यायला नाही आणि तू समुद्राला पाणी पाजतेस? लाज वाटत नाही? तू तुझ्या वाट्याच्या पाण्यातला पेला पेटीत ओतलास, ओठ फुटलेले होते तुझे, आणि पहिल्यांदाच मला ते सांगितलंस.

"माही माय विहिरीच्या खाली बसायची. वरून कुनी वाढलं तर पानी. पार उन्हं चढंस्तवर बसायची, मी बी संगं. तवाच ठरवलं व्हतं, येवढं पानी घरात ठिवीन का कुनाला मागावं लागनार न्हाई. मंग नोकरी लागली, नळ आला. तरी मन भरंना. आता समुद्र हाये. ह्यो कुनाला बाटवता येत न्हाई, अन् पिता बी येत न्हाई."

शेवटचं वाक्य बोलून तू हसलीस. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून एक दिवस तुझ्या वाट्यातला पेला, एक दिवस माझ्या.

शशी, तू मला काय काय दिलंस ते मी तुला कधी म्हटलं नाही. एकट्या बाईनं या गावात ताठ मानेनं राहायचं कसं, ते तुझ्याकडून शिकले. घरच्यांनी नाद सोडल्यावर मला घर असं वाटलं ते याच खोलीत, डांबराचा वास आणि त्या पंपाची गुरगुर यांच्यामध्ये. हे तुझ्या तोंडावर बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "पुरे कर भाषन, भाकरी करपली."

आणि तो वाद राहिलाच. आठवतं, एका सकाळी मी न्हाणीतून आले तर झाडाची एक अख्खी फांदी पांढरीफटक. मला रडू फुटलं. तू मात्र नाचत होतीस.

"अगं, मेलं न्हाई ते! आंगातलं सारं हिरवं पान्यात सोडलं त्यानं. आत्ता पानी कसं हिरवंगार झाल्तं, तू जरा जल्दी आली असतीस तर दिसलं असतं. त्यातूनच नवी झाडं व्हत्यात."

"आणि ही फांदी?"

"ती रिकामी."

"म्हणजे मेली."

"मेली न्हाई, पान्यात गेली."

मी म्हटलं, सगळं देऊन टाकून मेलं तरी त्याला मरणच म्हणतात, मराठीत दुसरा शब्द नाही. तू म्हणालीस, तुझ्या मराठीला समुद्र कुठं ठाऊक हाये. महिनोन्महिने आपण यावर भांडलो, जेवताना, शाळेच्या वाटेवर. मी ते हिरवं पाणी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. मी म्हणायची, दाखव तरी. तू म्हणायचीस, पुढच्या येळी तुला उठवते.

तुला पिंपळगावला नेलं. पांढरी साडी नेसून मीही वंदनेत बसले, तुझ्या मायच्या मांडीला मांडी लावून. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. मी तिचं सांत्वन करायचं तर तीच माझं करत होती. तुझा भाऊ खोलीवर आला, ट्रंक घेऊन गेला. पेटीकडे बघून म्हणाला, "हे तुमीच ठिवा बाई. आमच्याकडं मरून जाईल."

मी ठरवलं, मरू देणार नाही. तुला वाचवता आलं नाही, पण तू पाळलेलं हे एक तरी वाचवीन. रोज निवळी, रोज नळी बुडवून मीठ बघायचं, वीज गेली की सायकलचा पंप. पहाटे उठायला लागले, मी! माठ भरायचा आणि खिडकीशी जायचं. रात्री आलेलं कोवळं पान आधी पांढरं असतं, उजाडताना हिरवं होतं, हे मी तुझ्या मागे पहिल्यांदा पाहिलं. तेवढ्यापुरतं जगणं सोसायचं.

मग आई भेटायला आली. पेटीपुढं बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तुझं नाव घेऊन रडली. मला ते बघवेना, मी दूध आणायचं निमित्त करून खाली गेले. परत आले तर ती पेटीला हात जोडून उभी होती, बोटं ओली, पाणी डोळ्यांना लावलेलं. माझ्या मनात आलं, शशीनं हे बघायला हवं होतं. चहा नको म्हणाली. जिन्यात फिरकीचा आवाज आला.

दोनतीन दिवसांनी झाड फिकं दिसायला लागलं. मी स्वतःला समजावलं, आभाळ आहे. मग एका पहाटे पाहिलं तर सगळं पांढरं. एक फांदी नव्हे, सगळं. आणि खरं सांगू, मला क्षणभर आनंद झाला. वाटलं, तू शब्द पाळलास, या वेळी मला उठवलंस. मी जमिनीवर मांडी ठोकली आणि पाणी हिरवं व्हायची वाट बघत बसले. ऊन खिडकीतून आत आलं. शाळेची घंटा झाली. मी गेले नाही. पाणी हिरवं झालं नाही, शशी. ते स्वच्छ होतं, निवळीसारखं. गोगलगायी तळाशी पालथ्या पडल्या होत्या.

वाळूत हात घातला तेव्हा सापडला. तांब्याचा ढब्बू पैसा, जुना, निळा-हिरवा पडलेला.

असे पैसे कुणाच्या देवघरात असतात ते मला विचारायला नको. शहागडच्या पुलावरून जाताना आई आजही गोदावरीला पैसा वाहते. लहानपणी माझ्या हातातही द्यायची. तिनं तुझ्या समुद्राला पैसा वाहिला होता, तुझ्यासाठी. ज्या बाईनं तुझ्या हातचा पाण्याचा घोट कधी घेतला नाही, तिनं तुझ्या पाण्याला नदीचा मान दिला आणि त्या मानानंच ते मारलं. मी तो पैसा मुठीत धरून मोठ्यानं ओरडले. खालून मालकीणबाई धावत आल्या. त्यांना काय सांगणार? पाल दिसली म्हटलं.

आईवर राग काढायचं ठरवून बसले होते. शब्द तयार होते, मराठीची मास्तरीण आहे मी. ती काल आली. जिना चढताना दम लागला होता. आधी खिडकीशी गेली.

"का गं नलू, पांढरं का झालं?"

मी तोंड उघडलं. तिच्याकडे बघितलं. म्हातारी दिसायला लागलीय गं ती. तिनं आयुष्यात जातीबाहेरच्या माणसासाठी केलेली ती एकच चांगली गोष्ट होती.

"शशी गेली म्हणून," मी म्हटलं.

"बराबर हाये," ती म्हणाली. "कुनासाठी तरी जीव देनारं झाड होतं." आणि खाली बसली.

तुझी बाजू मला आता पटावी, असं किती वाटतंय. मेली नाहीस, पाण्यात गेलीस, असं म्हणून डोळे पुसावेत. जमत नाही. मी बघत बसले होते, शशी, पाण्यात काही गेलं नाही. मी वाद जिंकले, आणि असलं जिंकणं वैऱ्यालाही मिळू नये.

आई अजून पेटीपुढंच बसली होती. पिशवी शेजारी होती, तांब्याची फिरकी वर दिसत होती. तिनं पिशवी बाजूला सरकवली.

"पानी दे गं," ती म्हणाली. "शशीच्या माठातलं दे."

मी पेला भरून दिला. तिनं तो तोंडाला लावून सगळा संपवला, खाली ठेवला, आणि रिकाम्या पेल्याला हात जोडले.

तुला कळवायचं होतं ते एवढंच. ती प्यायली. पण माठ पहाटे मी भरला होता.